नवीन कार्पेटचा वास कसा घालवायचा

नवीन कार्पेटचा तो उग्र वास मुख्यतः खालच्या लेटेक्स बॅकिंगचा (मागच्या रबरासारख्या थराचा) आणि चिकटवायच्या ग्लूचा असतो, त्यातनं केमिकलची वाफ हळूहळू बाहेर पडत राहते. त्यामुळे रूम फ्रेशनर अजिबात मारू नका, वास झाकला जातो आणि हवेत अजून केमिकल वाढतं.

खरा उपाय म्हणजे मोकळी हवा. बसवताना आणि नंतर किमान ४८ ते ७२ तास खिडक्या उघड्या ठेवा, एका खिडकीत फॅन बाहेरच्या दिशेने तोंड करून लावा म्हणजे आतली हवा बाहेर फेकली जाते आणि दुसरीकडनं ताजी येते, नुसता सीलिंग फॅन लावला तर तीच हवा खोलीत फिरत राहते. बेकिंग सोडा पसरून रात्रभर ठेवून व्हॅक्यूम केला तर थोडा फरक पडतो, पण थोडाच. एअर प्युरिफायर असेल तर त्यात अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन फिल्टर हवा, तो वाफ शोषतो; नुसता हेपा फिल्टर बारीक धूळ पकडतो, वाफ नाही.

लहान बाळ, गरोदर बाई किंवा दम्याचा पेशंट असेल तर त्यांना तेवढे दिवस त्या खोलीत झोपवूच नका प्लीज. डोकं दुखतंय, डोळे चुरचुरतायत असं होत राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

कार्पेट अजून घेतलं नसेल तर दुकानदाराला लो-व्हीओसी ग्लू (ज्यातनं केमिकलची वाफ कमी निघते असा) मागा, आणि बसवायच्या आधी रोल मोकळ्या हवेत उलगडून ठेवायला सांगा.