रणगाड्याचे मॉडेल बांधताना या चुका टाळा: दोष दिसतो एकीकडे, मुरतो दुसरीकडे

तोफेच्या नळीवर प्रायमरचा पहिला हात बसला की तिच्या अंगावर केसाएवढी बारीक रेघ उमटते. आदल्या संध्याकाळी नळीचे दोन अर्धे भाग जोडून, सांधा घासून सगळे गुळगुळीत केलेले असते, बोटालाही काही लागलेले नसते. तरीही रेघ येते. मग बहुतेक जण प्रायमरला दोष देतात, आणखी एक हात मारतात आणि रेघ तशीच ठेवून नळीवरचा बाकीचा तपशील मात्र बुजवून बसतात. खरे कारण दोन पायऱ्या मागे असते. पॉलिस्टायरीनसाठी मिळणारे पातळ सिमेंट प्लास्टिकला विरघळवून एकजीव करते, आणि विरघळलेला भाग सुकताना आकसतो. हे आकसणे दोन-चार तासांत संपत नाही. सांधा आतून ओला असतानाच त्यावर पॉलिश पेपर फिरवला, तर त्या घटकेपुरती पातळी जुळते, पण रात्रीतून सांधा खाली बसतो. जोडताना दोन्ही भाग किंचित दाबून सांध्यातून विरघळलेल्या प्लास्टिकचा बारीक कणा बाहेर येऊ द्यावा, एक पूर्ण दिवस, जमल्यास दोन दिवस थांबावे आणि मगच तो कणा घासून काढावा. नळीसारख्या भागात मग पुट्टीची गरजच उरत नाही.

मॉडेलमधले बहुतेक दोष याच चालीचे असतात: ते दिसतात रंगाच्या वेळी आणि झालेले असतात जोडणीच्या वेळी. म्हणून दोष सापडला की हातातली बाटली बदलण्याआधी मागच्या पायऱ्या तपासाव्यात. या लेखात उदाहरणासाठी 1/35 प्रमाणातला, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा, अमेरिकी शर्मन रणगाडा घेतला आहे, आणि तोही आपल्याला जवळचा असलेला, म्हणजे 1945 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मध्य ब्रह्मदेशात मेइक्तिलाच्या लढाईत भारतीय रेजिमेंटांनी वापरलेला.

चूक पेटी निवडतानाच होते

शर्मन म्हणजे एकच रणगाडा, या समजुतीतून सर्वांत महागडी चूक होते. मेइक्तिलाला 255 व्या भारतीय टँक ब्रिगेडमध्ये प्रोबिन्स हॉर्स आणि रॉयल डेक्कन हॉर्स या रेजिमेंटांकडे जे शर्मन होते, ते ब्रिटिश नावाने शर्मन 5, म्हणजे अमेरिकी एम4ए4. त्यात क्रायस्लरचे मल्टिबँक इंजिन होते: मोटारगाडीची सहा सिलिंडरची पाच इंजिने एकत्र बांधून केलेले तीस सिलिंडरचे धूड. ते मावावे म्हणून हल, म्हणजे रणगाड्याचे धड, सुमारे 11 इंचांनी लांबवावे लागले आणि बोगींमधले (चाकांच्या जोड्या धरणाऱ्या चौकटींमधले) अंतर वाढले. 1/35 मध्ये हा फरक सुमारे 8 मिलिमीटर भरतो, आणि बाजूने पाहणाऱ्या जाणत्या माणसाला तो लगेच कळतो. बाजारात सहज मिळणारी पेटी एम4ए1 किंवा एम4ए3 ची असेल, तर पेटीवर कोणतेही चित्र असो, रंग आणि डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणा) बदलून तिचा शर्मन 5 होत नाही.

घरी पडून असलेली पेटी नेमकी कोणती, हे चाकांभोवती फिरणाऱ्या पट्ट्याच्या कड्या मोजूनही समजते. एम4ए4 ला एका बाजूला 83 कड्या लागतात, इतर शर्मनना 79. हा आकडा लक्षात असला की पुढची एक अडचण आपोआप सुटते: निराळे विकत घेतलेले पट्टे चार कड्यांनी कमी पडत असतील, तर दोष पट्ट्यांचा नसून ते दुसऱ्या शर्मनचे आहेत.

एक सावधगिरीही सांगायला हवी. डेक्कन हॉर्सने 1965 मध्ये असल उत्तरच्या लढाईतही शर्मन वापरले, त्यामुळे रेजिमेंटचे नाव पाहून 1965 चे छायाचित्र 1945 च्या मॉडेलसाठी आधार धरण्याचा मोह होतो. वीस वर्षांत तोफ, सामान आणि खुणा सगळेच बदलू शकते. छायाचित्राची तारीख आधी पाहावी, रेजिमेंट मागाहून.

बोगी, चाके आणि न जुळणारे पट्टे

पूर्ण झालेला रणगाडा काचेवर ठेवला आणि एक चाक हवेत राहिले, की लोक पट्टा खेचून ते खाली आणू पाहतात. तसे करू नये. शर्मनला दर बाजूला तीन बोगी असतात आणि दर बोगीत दोन चाके. बोगी हलला चिकटवल्यावर सिमेंट अजून ओले असतानाच हल सपाट काचेवर ठेवावा, वर पुस्तकाएवढे हलके वजन ठेवावे आणि सहाही बोगी काचेला टेकल्या आहेत की नाही, हे कागदाची पट्टी सरकवून पाहावे. पट्टी जिथून अडल्याशिवाय जाते, तिथली बोगी वर राहिली आहे. ही तपासणी दोन मिनिटांची आहे. सुकल्यावर बोगी उखडून पुन्हा बसवण्यात मात्र संध्याकाळ जाते.

बोगीबाबत दुसरी चूक डाव्या-उजव्याची असते. नंतरच्या प्रकारच्या बोगीत वरचा रोलर मध्यावर नसून रणगाड्याच्या मागच्या दिशेला काढलेला असतो, त्यामुळे डाव्या आणि उजव्या बाजूच्या बोगी एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा ठरतात. सहाही एकासारख्या जोडून ठेवल्या की अर्ध्या उलट्या बसतात. तीन-तीनचे दोन ढीग करून त्यावर कागदाचे तुकडे चिकटवून ठेवावेत. लहान मुलाचा खेळ वाटला तरी चालेल.

पट्टा एखाद-दीड मिलिमीटरने कमी किंवा जास्त पडतो तेव्हा उपाय खऱ्या रणगाड्यातच असतो. शर्मनचे मागचे मोकळे चाक विकेंद्री आसावर बसवलेले असे आणि तो आस फिरवून पट्ट्याचा ताण कमी-जास्त करता येत असे. मॉडेलमध्येही हे चाक शेवटपर्यंत चिकटवू नये. पट्टा गुंडाळून पाहावा, चाक पुढे-मागे फिरवून ताण जुळवावा आणि मग सिमेंटचा थेंब सोडावा.

ताण किती असावा, यावर मात्र सरसकट नियम नाही आणि इथे एका रणगाड्याची सवय दुसऱ्याला लावली जाते. सोव्हिएत टी-34 ला वर परतीचे रोलर नव्हते, पट्ट्याचा वरचा भाग सैल होऊन मोठ्या चाकांवर लोळत असे, जर्मन टायगरचेही तसेच. शर्मनच्या कड्या रबरी बुशिंगमध्ये फिरत, पट्टा ताठ राही आणि रोलरांमध्ये त्याला फारसा झोल पडत नसे. टायगर बांधून आलेला माणूस शर्मनच्या पट्ट्याला सुंदर झोल देतो आणि तिथेच मॉडेल खोटे पडते.

घासून गुळगुळीत केलेले लोखंड

शर्मन 5 चा हल जोडलेल्या पत्र्यांचा आणि टरेट, म्हणजे तोफेचा फिरता बुरूज, ओतीव पोलादाचा. ओतीव पोलादाचा पृष्ठभाग रवाळ, थोडा खडबडीत असतो. अनेक पेट्यांत हा पोत दिलेला असतो, पण टरेटचा सांधा घासताना त्याच्या भोवती बोटभर रुंदीचा गुळगुळीत पट्टा तयार होतो, आणि वॉश (खाचांत उतरणारा पातळ, गडद रंग) दिल्यावर तो उठून दिसतो. घासून झाल्यावर त्या पट्ट्यावर घट्ट सिमेंटचा पातळ थर द्यावा, अर्धा मिनिट थांबावे आणि ताठ केसांच्या जुन्या ब्रशने टोचत जावे. ब्रश ओढू नये, उभाच आपटावा. मऊ झालेल्या प्लास्टिकला बारीक खळगे पडतात. सुकल्यावर वरवर एकदाच बारीक वॉटर पेपर फिरवला की शेजारच्या पोताशी ते मिसळते. खरा पोत कसा असतो, हे छायाचित्रापेक्षा डोळ्यांनी पाहिल्यास लवकर समजते. महाराष्ट्रात राहणाऱ्यांना त्यासाठी अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियमइतकी चांगली जागा नाही.

हा खडबडीतपणा पत्र्यांच्या हलला मात्र देऊ नये.

प्रायमर, थिनर आणि पावसाळा

प्रायमर बसल्यावर तेलकट डबक्यासारखी भोके राहिली, तर साच्यातले तेल किंवा बोटांचा तुपटपणा धुतलेला नाही, असे समजावे. कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचे दोन थेंब, मऊ टूथब्रश आणि स्वच्छ पाणी एवढे पुरते.

हार्डवेअरच्या दुकानातले एनसी थिनर एअरब्रश धुण्यासाठी ठीक आहे, पण रंगात मिसळून थेट पॉलिस्टायरीनवर मारल्यास कडा वितळतात आणि खिळ्यांची डोकी बसकी होतात. एकदा वितळलेली कड परत येत नाही. थरांचा क्रमही यातच येतो: खाली लॅकर, त्यावर अॅक्रिलिक, त्यावर इनॅमल किंवा तैलरंग. उलट केले, म्हणजे इनॅमलवर लॅकरचा वार्निश फवारला, तर खालचा थर सुरकुततो.

फवारलेला रंग वाळूसारखा खरखरीत लागत असेल, तर तो हवेतच सुकत आहे. अंतर 10 ते 12 सेंटीमीटरवर आणावे आणि रंग दुधाइतका पातळ करावा. कोळ्याच्या पायांसारखे ओघळ फुटत असतील, तर उलटे झाले आहे: रंग फार पातळ, दाब जास्त किंवा हात फार जवळ. सुमारे 1 बार दाबाने सुरुवात करावी.

मुंबई-कोकणात आणि जुलैतल्या पुण्यातही निराळा प्रश्न उभा राहतो. लॅकर किंवा मॅट वार्निश मारताच पृष्ठभागावर पांढुरके धुके येते. द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतले बाष्प त्यावर जमते आणि थरात अडकते. ढगाळ, ओल्या दिवशी लॅकर मारूच नये, निदान बाहेर पाऊस पडत असताना खिडकी उघडून तरी मारू नये. वाफा बाहेर जायला हव्यात आणि ओलावा आत यायला नको, हे दोन्ही एकाच खिडकीतून साधत नाही. धुके आलेच असेल, तर कोरड्या दिवशी रिटार्डर (सुकणे मंद करणारे द्रव) मिसळलेल्या लॅकर थिनरचा अगदी हलका फवारा द्यावा. थर किंचित मऊ होतो, बाष्प निघून जाते आणि रंग बहुधा पूर्ववत होतो. कंप्रेसरला पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप नसेल, तर पावसाळ्यात नळीतून अधूनमधून पाण्याचा थेंबही उडतो.

रंग गडद होत जातो

ऑलिव्ह ड्रॅब म्हणजे हिरवा, असे गृहीत धरून लोक झाडाच्या पानासारखा रंग लावतात. हा रंग मुळात पिवळ्या गेरूत काळा मिसळल्यासारखा, तपकिरीकडे झुकणारा. बाटलीतली छटा बरोबर असली, तरी ती तशीच वापरण्यात दुसरी चूक होते, कारण त्यानंतर येणारा वॉश आणि वार्निश रंगाला एकेक पायरी खाली नेतात. सुरुवात ठरवलेल्या छटेपेक्षा स्पष्टपणे फिकी करावी. शेवटी काळाकुट्ट झालेला रणगाडा उजळवण्याचा मार्ग फार किचकट असतो. काळा वॉश टाळावा, गडद तपकिरी पुरतो.

डिकॅलभोवती चांदीसारखी चकाकी दिसते ती मॅट रंगाच्या खडबडीत पृष्ठभागात अडकलेल्या हवेची. आधी तकतकीत वार्निश मारून मगच पांढरा तारा किंवा क्रमांक लावावा. लावून झालेल्या डिकॅलला बारीक सुईने टोचून त्यावर डिकॅल मऊ करणारे द्रव सोडले, तर बरीचशी हवा निघते.

सकाळी गळून पडलेली चाके

वॉशबाबतची माझी चूक अजून लक्षात आहे. बिनलेबलच्या बाटलीतल्या टर्पेंटाइनमध्ये तैलरंग मिसळून मी बोगींना भरपूर वॉश दिला, ते खाचांतून आत उतरताना पाहून खूश झालो आणि झोपलो. सकाळी बारापैकी तीन चाके टेबलावर पडलेली होती आणि त्यांचे आस कापल्यासारखे सरळ तुटले होते. आस भोकात घट्ट बसवले होते, म्हणजे प्लास्टिक आधीच ताणाखाली होते. इनॅमलचे थिनर अशा ताणलेल्या जागी बारीक भेगांतून शिरते आणि प्लास्टिक ठिसूळ करते. एबीएस प्लास्टिकच्या, कड्या जोडून करायच्या पट्ट्यांत हा धोका आणखी मोठा असतो. यावर उपाय दोनच: आसाचे भोक किंचित मोठे करून भाग सैल बसवावेत आणि वॉश ओतण्याऐवजी नेमक्या खाचेला ब्रशच्या टोकाने स्पर्श करावा. तुटलेला आस जोडताना त्यात 0.5 मिलिमीटरचे भोक पाडून पितळी तारेचा तुकडा घालावा. नुसते सिमेंट ठिसूळ प्लास्टिकला धरत नाही. पारदर्शक पेरिस्कोपजवळ सुपरग्लू वापरू नये, त्याच्या वाफेने ते पांढरे होतात. तिथे फेविकॉलसारखा पांढरा गोंद चालतो.

मेइक्तिलाची धूळ

ब्रह्मदेश म्हटले की हिरवे जंगल आणि गुडघाभर चिखल डोळ्यांसमोर येतो, आणि मग रणगाड्याला ओल्या मातीचा लेप बसतो. मेइक्तिला मध्य ब्रह्मदेशाच्या कोरड्या पट्ट्यात आहे आणि लढाई फेब्रुवारी-मार्चची. तिथे हवी ती फिकी, कोरडी धूळ: सपाट पृष्ठभागांवर, खिळ्यांच्या मागे, फेंडरच्या कोपऱ्यांत, आणि माणसे चढत-उतरत होती तिथे पुसली गेलेली.

पट्ट्यांनाही तोच न्याय लावावा. रबरी पॅडच्या पट्ट्यावर चंदेरी रंगाचा कोरडा ब्रश फिरवणे ही फार सर्रास होणारी चूक आहे. रबर चमकत नाही. चमक कड्या जोडणाऱ्या टोकांच्या पोलादी जोडण्यांवरच द्यावी.

धुळीसाठी रंगद्रव्याची भुकटी वापरत असल्यास मॅट वार्निश तिच्या आधी मारावा. भुकटीवर वार्निश फवारला की ती जवळपास नाहीशी होते आणि खालचा रंग पुन्हा गडद दिसू लागतो. भुकटी जागी बसवण्यासाठी पिगमेंट फिक्सरचा थेंब ब्रशने तिच्या कडेला टेकवावा आणि तो आपोआप पसरू द्यावा. वरून फिक्सर लावून ब्रश फिरवला, तर धुळीवर ओल्या फडक्याचे फराटे उठतात.