स्टब आणि इटॅलिक निबेने मराठी लिहिताना

फाउंटन पेनाच्या नेहमीच्या गोल टोकाच्या निबेने उभी, आडवी किंवा तिरपी कोणतीही रेष ओढली, तरी ती जवळजवळ एकाच जाडीची उमटते. स्टब आणि इटॅलिक निबेचे टोक मात्र पटाशीच्या धारेसारखे सपाट असते, त्यामुळे धारेला आडवी जाणारी रेष जाड आणि धारेच्याच दिशेने सरकणारी रेष बारीक येते. दोहोंतला फरक कोपऱ्यांचा आहे. इटॅलिक निबेचे कोपरे टोकदार ठेवलेले असतात, म्हणून जाड-बारीक रेषांमधला भेद लख्ख दिसतो, पण हात जरा वाकडा पडला की कोपरा कागदात रुततो. स्टब निबेचे कोपरे घासून गोलसर केलेले असतात, त्यामुळे भेद थोडा मवाळ होतो आणि भरभर लिहिता येते. या दोहोंच्या मधली ‘कर्सिव्ह इटॅलिक’ नावाची घडणही मिळते. रोजनिशी, पत्रे, टिपणे यांसाठी पहिली निब घ्यायची असेल, तर ती स्टबच घ्यावी. कडक इटॅलिक निब सावकाश, सुटी अक्षरे काढणाऱ्यालाच सुख देते.

निबेची रुंदी निवडताना मराठी लिहिणाऱ्याने इंग्रजी लिहिणाऱ्याचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नये. बाजारात सर्वांत सहज मिळते ती १.१ मिमीची निब. लामी कंपनी त्याखेरीज १.५ आणि १.९ मिमीच्या निबाही विकते, आणि त्या सफारी, अल-स्टार, जॉय या तिच्या पेनांवर अदलाबदल करून बसतात. अक्षराची उंची निबेच्या रुंदीच्या सुमारे पाचपट असावी, हा सुलेखनातला सर्वसाधारण आडाखा आहे. त्या हिशेबाने १.१ च्या निबेला शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत साडेपाच मिलिमीटर जागा हवी. रोमन अक्षरांना तेवढ्यावर बरेच भागते, पण आपल्याकडे वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार, ऋकार यांनाही जागा लागते. म्हणून आखीव वहीच्या प्रत्येक ओळीवर १.१ ने लिहिले, की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफारावर आदळतो आणि ‘क्ष’, ‘ळ’, ‘ह’ यांची पोटे शाईने बुजतात. अशा वेळी एक ओळ सोडून लिहावे, किंवा बारीक स्टब घ्यावी. पायलट कंपनीची सीएम, म्हणजे ‘कॅलिग्राफी मीडियम’, निब १.१ पेक्षा बरीच बारीक असते. १.५ आणि त्यापुढच्या निबा पाकिटावरचे पत्ते, मथळे आणि शुभेच्छापत्रे यांसाठीच ठेवाव्यात.

पेन हाती आल्यावर आधी अक्षरे न लिहिता एक वर्तुळ काढावे. वर्तुळाची रेष दोन समोरासमोरच्या ठिकाणी सर्वांत बारीक झालेली दिसेल, आणि तिथे तिचा जो रोख असेल तोच आपल्या निबेच्या धारेचा रोख असतो. पेनाची दांडी नेहमीप्रमाणे उजव्या खांद्याकडे झुकलेली असेल, तर ही धार डावीकडून उजवीकडे वर चढत जाते. आता त्याच पकडीने ‘नारायण’ लिहून पाहावे. काने ठसठशीत, शिरोरेषा त्यांच्यापेक्षा बारीक असे रूप दिसेल आणि ते वाईट दिसत नाही. पण ‘केले’ लिहिताच अडचण कळते, कारण मात्रा डाव्या बाजूने वरून खाली शिरोरेषेकडे उतरते आणि नेमकी त्याच दिशेला ही धार सर्वांत जाड रेष देते. अक्षरापेक्षा मात्राच भारी होते.

बोरूने घडलेल्या देवनागरीचा तिरपा, म्हणजे धारेचा कल, याच्या बरोबर उलट आहे. तिथे धार डावीकडे वर आणि उजवीकडे खाली अशी पडते, त्यामुळे वरच्या डाव्या बाजूचा गोलावा भरदार होतो आणि काना व शिरोरेषा या दोघांनाही पुरेसे वजन मिळते. निर्णयसागर छापखान्याच्या वळणाच्या टाइपात छापलेले एखादे जुने पुस्तक उघडून ‘व’ किंवा ‘ब’ निरखला, की हा तिरपा डोळ्यांत भरतो. स्टब पेनाने तो साधायचा असेल, तर उजव्या हाताने लिहिणाऱ्याने कोपर अंगाजवळ घ्यावे, पेनाची दांडी शक्य तितकी सरळ आपल्या छातीच्या रोखाने ठेवावी आणि कागद डावीकडे साधारण तीस अंश फिरवावा, म्हणजे ओळी डावीकडून उजवीकडे चढत जातील. मनगट पिळण्याच्या फंदात पडू नये, कारण त्याने पानभर लिहून होण्याआधीच हात दुखतो आणि निबेचा एक कोपराही उचलला जातो. आता पुन्हा ‘केले’ लिहिले, तर मात्रा हलकी होऊन काना आणि शिरोरेषा तोलात येतात.

तिरप्या कापाच्या म्हणजे ऑब्लिक निबा या कामी उपयोगी पडतील असे वाटते, परंतु सहज मिळणाऱ्या बहुतेक निबांमध्ये, वरून पाहिले असता, उजवी कड लांब असते, तर आपल्याला डावी लांब हवी. त्यामुळे मराठीसाठी तसली निब घेण्यात फारसा अर्थ नाही. याउलट, ओळीच्या खाली हात ठेवून लिहिणाऱ्या डावखुऱ्या माणसाची पेनाची दांडी डाव्या बाजूला झुकलेली असते आणि साध्या, सरळ कापाच्या स्टब निबेची धार त्याच्या हातात आपोआपच बोरूच्या तिरप्यावर पडते. फाउंटन पेनाच्या जगात डावखुऱ्यांना एरवी सोसावेच लागते. देवनागरीने त्यांना इथे झुकते माप दिले आहे.

दाबाविषयी एकच गोष्ट ध्यानात ठेवावी: या निबेत जाडी दिशेमुळे येते, जोरामुळे नाही. दाब दिला की निबेच्या मधल्या चिरेच्या दोन्ही बाजू फाकतात आणि रेषेच्या कडा बोथट होतात. पेन कागदाशी सुमारे पंचेचाळीस अंशांत धरून निबेची संपूर्ण धार टेकवावी आणि पेनाच्या वजनानेच रेष ओढावी. रेषेची डावी कड फाटकी आणि उजवी स्वच्छ येत असेल, तर डावा कोपरा उचललेला आहे असे समजून पेन बोटांत किंचित डावीकडे फिरवावे. उजवी फाटत असेल तर उजवीकडे. निब खरखरते म्हणून पॉलिश कागदावर, म्हणजे बारीक सँडपेपरवर, घासण्याची घाई करू नये. आधी भिंगातून चिरेच्या दोन्ही बाजू एका पातळीत आहेत की नाहीत ते पाहावे, कारण खरखरीचे मूळ पुष्कळदा तिथेच असते, आणि घासून एकदा गेलेला कोपरा परत येत नाही.

शाई मोकळी वाहणारी हवी, कारण रुंद धारेला प्रत्येक उभ्या रेषेत गोल निबेपेक्षा कितीतरी जास्त शाई पुरवावी लागते. आखडून वाहणाऱ्या शाईने जाड रेषेच्या मध्ये पांढरे पट्टे राहतात. कॅमलची साधी रॉयल ब्लू शाई सुरुवातीला अगदी पुरेशी आहे. दांडेकर बंधूंनी १९३१ साली शाईच्या पुडी आणि गोळ्यांपासून सुरू केलेला हा उद्योग मुळात शाईचाच. पुढे हौस वाढली, की एकाच रेषेत फिकट-गडद छटा दाखवणाऱ्या शाया घ्याव्यात, कारण काना ओढून संपतो तिथे शाई साचून गडद होते, आणि हे दृश्य बारीक निबेत फारसे दिसत नाही. कागद मात्र गुळगुळीत आणि शाई न फुटणारा हवा. फुटणाऱ्या कागदावर बारीक रेषाच आधी जाड होतात आणि स्टबचे सगळे वैशिष्ट्य पुसले जाते.

सरावासाठी मोठा कित्ता लागत नाही. एक ओळ नुसत्या कान्यांची, एक ‘व’ची, एक ‘ठ’ची आणि मग मात्रा-रफार असलेले शब्द, उदाहरणार्थ ‘धैर्य’ किंवा ‘सौंदर्य’, एवढे पुरे. शिरोरेषा शब्द पूर्ण झाल्यावर एका ओढीत द्यावी. अक्षरागणिक तुकड्यांनी दिली, तर प्रत्येक सांध्यावर शाईचा ठिपका उमटतो. अनुस्वाराला टिंब गिरवत बसू नये, निब टेकवून किंचित ओढली की छोटा चौकोनी ठिपका आपसूक पडतो आणि तो या अक्षराला शोभतो. छापील अर्जांतल्या चौकटी आणि पुस्तकाच्या समासातल्या टिपा यांना मात्र ही निब चालत नाही. त्यासाठी बारीक गोल निबेचे दुसरे पेन जवळ असावे.