आतला पॅड संपला, बाहेरचा तसाच

आयटीआयला मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड करून रत्नागिरीत एका गॅरेजला लागलो, तेव्हा ब्रेक पॅड बदलणं हे मला सगळ्यात किरकोळ काम वाटायचं. कॅलिपर (डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा शिकंजा) उघडा, जुने काढा, नवे बसवा, गाडी बाहेर. तिसऱ्या की चौथ्या महिन्यात एक टुरिस्टवाला परत आला. पॅड मीच टाकले होते. पुढच्या डाव्या चाकातून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज. चाक काढलं तर आतला, म्हणजे गाडीकडचा, पॅड पत्र्यापर्यंत गेलेला, डिस्कवर (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीवर) नख अडकेल अशा चरा. बाहेरच्या पॅडला मात्र सात-आठ मिलिमीटर माल (घासणारा थर) शिल्लक.

उस्ताद ओरडले नाहीत. "मागच्या वेळचे पॅड कुठे टाकलेस?" एवढंच विचारलं. ते मी त्याच दिवशी भंगाराच्या डब्यात फेकले होते. न बघता.

बघितले असते तर तेव्हाच कळलं असतं. बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे सरकता कॅलिपर असतो. पिस्टन एकच, तोही आतल्या बाजूला. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच धक्क्याने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर आत सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिना गंजून धरल्या की कॅलिपर सरकतच नाही. सगळी मेहनत एकटा आतला पॅड करतो. आमच्याकडे खारा वारा आणि चार महिने पाऊस, त्यात पिनेवरचा रबरी बूट एकदा फाटला की आत पाणी गेलंच. त्या गाडीची खालची पिन पान्याने फिरवून फिरवून काढावी लागली. बाहेर आली ती तपकिरी, गंजाने खरखरीत झालेली.

आतला पॅड संपण्याचं दुसरं कारण म्हणजे पिस्टन मागे न येणं. त्याच्याभोवतीचं चौकोनी रबरी सील ब्रेक सोडल्यावर त्याला केसभर मागे ओढतं. डस्ट बूट (पिस्टनवरचं रबरी आवरण) फाटून पिस्टनला गंज चढला की ते ओढणं बंद. कोणतं कारण आहे ते ओळखायला यंत्र लागत नाही. आधी कॅलिपर हाताने सरकवून बघा, मग क्लॅम्प लावून पिस्टन ढकला. जे अडेल ते आजारी. उलट बाहेरचाच पॅड जास्त गेला असेल तर कॅलिपर दाबलेल्या जागी अडकून बसतोय, म्हणजे पुन्हा पिनाच. आणि पॅड एका टोकाला जाड, दुसऱ्याला पातळ असा पाचरीसारखा झिजला असेल तर दोनपैकी एकच पिन धरलेली असते, किंवा पॅडचे कान (दोन टोकं) ब्रॅकेटमध्ये, म्हणजे पॅड धरणाऱ्या चौकटीत, गंजाने अडकलेले असतात.

मोजायची सवय लावा. नव्या पॅडला साधारण दहा-बारा मिलिमीटर माल असतो, तीनवर आला की बदलायचा. आत-बाहेर एखाद्या मिलिमीटरचा फरक मी सोडून देतो, दोनच्या पुढे गेला की पिना काढतोच.

डाव्या-उजव्या चाकात फरक असेल तेव्हा मात्र घाई करू नका. संपलेली बाजूच दोषी असते असं नाही. उजवा कॅलिपर काम करत नसेल तर डाव्याला दोघांचा भार पडतो. गिऱ्हाइकाला विचारा, ब्रेक मारल्यावर गाडी कुठे ओढते? जी बाजू धरते तिकडे ओढते. मग ब्रेक फारसा न लावता चार-पाच किलोमीटर चालवून आणा. चाक तरीही तापलं, तर ब्रेक सुटत नाहीये. अशा वेळी ब्लीडर निपल (कॅलिपरमधलं ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) उघडून बघा. चाक लगेच मोकळं झालं तर ऑइलचा दाब अडकलाय, आणि बऱ्याचदा होज (ब्रेक ऑइलचा रबरी पाइप) आतून फुगून बंद झालेला असतो, बाहेरून नवाकोरा दिसला तरी. मोकळं झालं नाही तर पिस्टन किंवा पिना.

दुरुस्ती त्या मानाने सरळ आहे. पिना पॉलिश पेपरने साफ करा, खड्डे पडले असतील तर नव्या टाका, बूटही नवे. ग्रीस सिलिकॉनचंच, साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन पुन्हा जाम होते. काही गाड्यांत एका पिनेच्या टोकाला रबर असतं, तेव्हा वरची-खालची अदलाबदल करू नका. कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेने बांधायचा. ब्रेकची धूळ कॉम्प्रेसरने उडवायची नाही, ती तुमच्याच फुफ्फुसात जाते. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून हात घालणाऱ्याला आमचे उस्ताद गॅरेजबाहेर काढत.

त्या टुरिस्टवाल्याला डिस्क आणि पॅड आम्ही आमच्या खर्चाने टाकून दिले. तो आजही येतो, आंबा घाट उतरून आला की हटकून चाकाला हात लावून बघतो.

आणि गाडी हलवण्याआधी पेडल चार-सहा वेळा दाबून कडक करून घ्या. पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिलं पेडल थेट खाली जातं. आमच्या शटरच्या डाव्या पट्टीला एक पोचा आहे. तो मी लागायच्या आधीचा आहे, असं मी नव्या पोरांना सांगतो.