पवनचक्की शिकताना मला सरासरीने दोनदा फसवलं

पवनचक्कीत काय काय असतं हे तुम्ही वाचलेलं असणार, म्हणून ते उरकून टाकतो. वारा पात्यांना नुसता ढकलत नाही. विमानाच्या पंखासारखी उचल मिळते आणि त्या बळावर रोटर, म्हणजे पात्यांचं चक्र, फिरतो. मोठ्या यंत्रात तो मिनिटाला दहा-वीसच फेरे घेतो. गिअरबॉक्स तो वेग बऱ्याचदा शंभरपटीच्या आसपास वाढवून जनरेटरला देतो, आणि काही यंत्रांत गिअरबॉक्सच नसतो. वाऱ्यातली 59.3 टक्क्यांहून जास्त ऊर्जा काढता येत नाही, हे जर्मन शास्त्रज्ञ बेट्झने दाखवलं.

आता माझी फजिती.

शक्ती वेगाच्या घनावर अवलंबून असते, हे मला पाठ होतं. वेग दुप्पट, शक्ती आठपट. शिकाऊ असताना एका जागेची वर्षभराची वीज काढायला सांगितली, सरासरी वेग होता सेकंदाला 7 मीटर. मी 7 चा घन केला, 8760 तासांनी गुणलं आणि ऐटीत कागद पुढे सरकवला. वरिष्ठांनी एवढंच विचारलं, "वारा वर्षभर सातनेच वाहतो का?"

समजा अर्धा वेळ 4 आणि अर्धा वेळ 10 चा वारा आहे. सरासरी 7, तिचा घन 343. पण 4 चा घन 64 आणि 10 चा 1000, त्यांची सरासरी 532. म्हणजे दीडपटीहून जास्त! आधी घन, मग सरासरी. उलट केलंत की संपलं. हे मी शंभरदा सांगेन, कारण ज्याला सूत्र पाठ असतं तोच इथे पडतो.

एवढ्यावर सुधारलो असतो तर बरं. मी दुसऱ्या टोकाला गेलो आणि प्रत्येक तासाच्या वेगाचा घन करत सुटलो, 18 च्या वाऱ्याचासुद्धा. आकडा फुगला. पुष्कळ यंत्रं सेकंदाला 12-13 मीटरच्या वाऱ्यातच पूर्ण क्षमतेला पोचतात. त्यापुढे पाती स्वतःच्या अक्षाभोवती वळून जादा वारा सोडून देतात. 18 चा घन 12 च्या घनाच्या सुमारे 3.4 पट असला, तरी वीज तेवढीच. 25 च्या आसपास तर बरीच यंत्रं थांबतातच, आणि खाली 3-4 पर्यंत काहीच मिळत नाही. म्हणून घनाचा नाद सोडा. कोणत्या वेगाचे किती तास, हे आधी मांडा आणि प्रत्येक गटाला त्या यंत्राच्या पॉवर कर्व्हवरचा, म्हणजे कोणत्या वेगाला किती वीज ते दाखवणाऱ्या आलेखावरचा, आकडा लावा.

तयार एक्सेल फाइल कुणाकडून मागून घेऊ नका. पहिल्या वर्षी तरी नाही. रागावलात तरी चालेल, पण दुसऱ्याच्या फाइलमधली चूक दिसायलासुद्धा आधी स्वतः एक चूक करावी लागते. आणि लगेच उत्तर देणाऱ्या गुरूपेक्षा एक प्रश्न विचारून चहाला निघून जाणारा गुरू शोधा. त्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला होता, हे कबूल करतो.

गणित कच्चं आहे म्हणून मात्र घाबरू नका. वर जे केलं ते गुणाकार-बेरीजच आहे, मलाही याहून फारसं येत नव्हतं. उंचीची भीतीही सहसा कमी होते. माझी पूर्ण गेलेली नाही, आणि हार्नेसचा हुक दोनदा तपासायची सवय मला तिच्यामुळेच लागली.

एक राहिलं. नॅसेलवरचा, म्हणजे मनोऱ्याच्या माथ्यावर जनरेटर असलेल्या पेटीवरचा, वेगमापक बहुधा पात्यांच्या मागे असतो. तो जो वारा मोजतो तो पात्यांनी आधीच विस्कटलेला असतो. त्याचा आकडा दुरुस्ती न करता पॉवर कर्व्हवर बसवलात तर यंत्र उगाच कागदावर हुशार किंवा आळशी ठरेल. त्यात मी कसा अडकलो ते पुढच्या वेळी, अजून जखम ओली आहे.