आयल्ट्स द्यायचीय? आधी मार्क कसे पडतात ते बघून घ्या

आयल्ट्स म्हणजे परदेशी शिकायला किंवा राहायला जाणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा, लिसनिंग, रीडिंग, रायटिंग आणि स्पीकिंग असे तिचे चार भाग. तिला बसणारे बरेच जण पहिल्या दिवसापासून शब्दसंग्रह पाठ करायला घेतात, आणि आपल्याला नक्की कुठली आयल्ट्स द्यायचीय हेच त्यांना माहीत नसतं. शिकायला जायचं असेल तर अकॅडेमिक, कॅनडा वगैरे पीआर (तिथे कायमचं राहायची परवानगी) साठी जनरल ट्रेनिंग. लिसनिंग आणि स्पीकिंग दोन्हीत सारखंच, फरक रीडिंग आणि रायटिंगमध्ये. युकेच्या काही व्हिसांना 'युकेव्हीआय'वालीच (म्हणजे तिथल्या व्हिसा खात्यासाठीची) आयल्ट्स लागते, पेपरचं स्वरूप तेच पण बुकिंग वेगळं, त्यामुळे फी भरायच्या आधी युनिव्हर्सिटीच्या किंवा व्हिसाच्या साइटवर जाऊन खात्री करा, एजंट म्हणाला म्हणून भरू नका.

पास-नापास असं काही नसतं. ० ते ९ बँड, मध्ये अर्धे पण मिळतात, चारही भागांची सरासरी म्हणजे ओव्हरऑल. आता गंमत बघा, लिसनिंग ७.५, रीडिंग ६.५, रायटिंग ५.५, स्पीकिंग ६ आले तर सरासरी ६.३७५ येते आणि ती जवळच्या अर्ध्यावर जाऊन ६.५ होते. बरोबर .२५ आली तरी वरचा अर्धा मिळतो आणि .७५ आली तर वरचा पूर्ण. पण युनिव्हर्सिटीने "ओव्हरऑल ६.५, कुठल्याही भागात ६ च्या खाली नको" असं लिहिलं असेल तर वरच्या पोराचं काम त्या ५.५ मुळे अडलंच ना. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत (पीआरचा अर्ज करायची पद्धत) तर ओव्हरऑल कोणी विचारतच नाही, सीएलबी ९ ला (सीएलबी म्हणजे कॅनडाची भाषेची मोजपट्टी) लिसनिंगमध्ये ८ आणि बाकी तिघांत ७-७ लागतात. म्हणून आधी आपला आकडा भागवार कागदावर लिहा, मग अभ्यास.

लिसनिंग साधारण ३० मिनिटं, ४० प्रश्न, आणि ऑडिओ एकदाच वाजतो. एखादं उत्तर सुटलं की सोडून द्या, ते आठवत बसलात तर पुढची दोन जातात. स्पेलिंग चुकलं की मार्क गेला. 'एकच शब्द लिहा' अशी सूचना असताना दोन लिहिले तरी गेला. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे रिकामी जागा सोडणं म्हणजे निव्वळ येडेपणा. ४० पैकी ३० च्या आसपास बरोबर आले की ७ बँड, अकॅडेमिक रीडिंगलाही साधारण तेच. जनरलच्या रीडिंगला मात्र तेवढ्याच बँडला जास्त उत्तरं बरोबर लागतात.

रीडिंगला ६० मिनिटं, त्यातच ४० प्रश्न. इथे आपली हुशार पोरं आपटतात ती ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हनमध्ये. समजा उताऱ्यात लिहिलंय की कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग १९९८ मध्ये सुरू झाला. प्रश्नातलं वाक्य "पूर्ण मार्ग १९९५ ला सुरू झाला" असेल तर फॉल्स, कारण उतारा सरळ उलट सांगतोय. पण वाक्य असेल "रेल्वे आल्यावर एसटीचे प्रवासी घटले" आणि उताऱ्यात एसटीचा उल्लेखच नसेल तर नॉट गिव्हन, तुमचे काका रत्नागिरीचे असले आणि तुम्हाला सगळं माहीत असलं तरी. आपलं ज्ञान बाहेर ठेवायचं, उतारा काय म्हणतो तेवढंच बघायचं. एवढं डोक्यात बसलं तरी दोन-चार मार्क वाढतात.

रायटिंगमध्ये बँड सगळ्यात जास्त अडकतो असं माझं मत. एक तासात दोन टास्क, पहिला किमान १५० शब्द (अकॅडेमिकला ग्राफ वगैरे, जनरलला पत्र), दुसरा किमान २५० शब्दांचा निबंध. दुसऱ्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट, म्हणून पहिल्याला २० मिनिटं झाली की हात थांबवा. मार्क चार गोष्टींना सारखे: विचारलेल्याचं उत्तर दिलं का, मुद्द्यांची सांधेजोड, शब्द, व्याकरण. क्लासवाले जी तयार टेम्प्लेट देतात ना, "आजच्या धावत्या युगात" छापाची, ती परीक्षकाला लगेच कळतात आणि पाठ केलेल्या मजकुराचा फायदा मिळत नाही. आपल्याकडे अजून एक खास भानगड, मराठीत इंग्रजीतल्या 'a' आणि 'the' सारखं काही नसतंच त्यामुळे ते लिहिताना गळतात. लिहून झालं की शेवटची पाच मिनिटं फक्त त्यासाठी ठेवा, प्रत्येक नामाच्या आधी बघत जा.

स्पीकिंग ११ ते १४ मिनिटं, समोर खरा माणूस. आधी घरदार-काम-शिक्षणाचे साधे प्रश्न, मग कार्ड देतात, १ मिनिट तयारी आणि १ ते २ मिनिटं बोलायचं, मग त्याच विषयावर थोडी खोल चर्चा. मराठी वळणाचा उच्चार चालतो, फक्त समजला पाहिजे, उगाच अमेरिकन आवाज काढू नका. मत काय आहे याला मार्क नाहीत, पटत नसलेली बाजू घेऊन बोललात तरी चालेल. कार्डावर एखादी आठवण सुचली नाही तर रचून सांगा, खरी का खोटी कोणी तपासत नाही. "येस, आय लाइक" एवढंच म्हणून गप्प बसणं महागात पडतं, का आवडतं ते पुढे जोडत जा.

एकाच भागात कमी पडलात तर कॉम्प्युटरवर दिलेल्या परीक्षेनंतर ६० दिवसांच्या आत तेवढा एक भाग परत देता येतो, वन स्किल रिटेक म्हणतात, पण तुमची युनिव्हर्सिटी तो मानते का ते आधी विचारा. स्कोअर साधारण २ वर्षं धरतात, त्यामुळे अ‍ॅडमिशनच्या फार आधी देऊन ठेवू नका. आणि पासपोर्ट हातात नसेल तर आधी तो काढा, बुकिंगला पण तोच लागतो आणि सेंटरवर पण तोच ओरिजिनल.