वाटीभर पोट आणि गावाचं ताट: वजनाच्या ऑपरेशननंतर खाणंपिणं कसं बसवावं

नागपूरच्या दवाखान्यातून सुट्टी झाली तेव्हा हातात जेवणाचा एक छापील कागद होता. त्यावर ओट्स, ब्रोकोली, टोफू आणि कसलंसं सूप. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वीच्या बाजूला. आठवडी बाजारात वांगी, टमाटे, सांबार (कोथिंबीर), मुनगा (शेवगा) सगळं मिळतं. ब्रोकोली अजून पोचलेली नाही. तो कागद आमच्या स्वयंपाकघरात उतरवायला मला वर्ष लागलं. तुम्हाला एवढा वेळ लागू नये म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या सर्जनने काही वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐका.

आधी आत काय झालंय ते समजून घ्या. माझं स्लीव्हचं ऑपरेशन. त्यात जठराचा पाऊण हिस्सा किंवा थोडा जास्तच काढून टाकतात, आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. तिच्यात सुरुवातीला १०० ते १५० मिली मावतं, म्हणजे आपली लहान वाटी. वजनाच्या ऑपरेशनचा दुसरा प्रकार बायपास. त्यात वरचं पोट त्याहून लहान, साधारण ३० मिलीचं ठेवतात आणि आतडं थेट त्याला जोडतात. भूक, तहान, सणवार, पंगत हे सगळं आता या वाटीत बसवायचं असतं.

पहिले दोन महिने

पहिले दोन आठवडे फक्त पातळ. गाळलेलं वरणाचं पाणी, मुगाचं कढण, गाळलेलं ताक, साय काढलेलं दूध. भेटायला येणारे नारळ, ग्लुकोजचे डबे आणि उसाचा रस घेऊन येतात. नारळपाणी घोटघोट चालतं, बाकीचं पोरांना द्या.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घोटलेलं, वाटलेलं: घट्ट वरण, दही, बिनतिखटाचं पातळ चून (पिठलं). त्यानंतर महिनाभर मऊ: अंड्याची मऊ भुर्जी, कुसकरलेलं पनीर, ज्वारीच्या कण्या, दुधी, कोहळं, काटे नीट काढलेला मासा. एक एक नवा पदार्थ आणा, दोन एकदम नकोत. नाहीतर त्रास कशाने झाला ते कळत नाही.

भाकरी आणि पोळीबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून सांगते. गव्हाची ताजी मऊ पोळी आणि चिकट भात हे दोन्ही मला सगळ्यात जड गेले. चावून त्यांचा गोळा होतो आणि तो छातीच्या खाली अडून बसतो. ज्वारीची भाकरी वरणात कुसकरून घेतली की लवकर विरघळते. पण तीही दोन महिन्यांनंतरच, कडक कडा काढून, आणि पहिल्या दिवशी चतकोराच्याही अर्धी.

फोडणीच्या आधी एक वाटी काढा

माझ्यासाठी वेगळं शिजवायचं असं घरात ठरलं होतं. ते आठ दिवस टिकलं. कापूस वेचायला जाणाऱ्या घरात कोण दोन स्वयंपाक करणार? मग आम्ही उलटं केलं. सगळ्यांचंच वरण शिजवायचं आणि तिखट-फोडणी पडायच्या आधी एक वाटी बाजूला काढायची. तसंच उसळीचं, भाजीचं, रश्शाचं. आपल्याकडचं तिखट नव्या पोटाला पहिले काही महिने सोसत नाही. सावजी रस्सा तर मी अजूनही लांबूनच पाहते.

त्या वाटीत आधी प्रथिनं जायला हवीत. दिवसाला किमान ६० ग्रॅम लागतात. पोट लहान असल्यामुळे भात आधी खाल्ला की वरणाला जागा उरत नाही, म्हणून ताटातला क्रम बदला: आधी अंडं, पनीर, मासा किंवा घट्ट डाळ, मग भाजी, आणि जागा राहिलीच तर भाकरी.

माझा हिशेब असा असतो. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६, घट्ट वरणाच्या लहान वाटीत ५-६, पन्नास ग्रॅम पनीरमध्ये ९, आणि २५ ग्रॅम कोरड्या सोयाबीन वडीत १२ ते १३. सोयाबीनचं तर हसूच येतं. आमच्या शेतातून ते पोत्यांनी बाजार समितीत जातं आणि घरात एक दाणा शिजत नाही. वडी गरम पाण्यात भिजवून, पिळून, बारीक करून चुनात घातली की कोणाला कळतही नाही. घरचं सोयाबीन वापरणार असाल तर ते पूर्ण शिजलं पाहिजे, कच्चं पचत नाही. एवढं करूनही पहिल्या काही महिन्यांत ६० चा आकडा जेवणातून गाठत नाही. तोवर डॉक्टरांनी सांगितलेली प्रोटीन पावडर महाग वाटली तरी घ्यावी.

जेवायला वीस ते तीस मिनिटं द्या. घास बोराएवढा, आणि तो तोंडात पातळ होईपर्यंत चावायचा. पोट भरल्याची खूण आता पोटात कळत नाही, वेगळीकडेच कळते: उचकी लागते, नाक गळायला लागतं, छातीत दाटल्यासारखं होतं. त्यानंतरचा घास उलटीनेच बाहेर येतो. ताटात दोन घास राहिले म्हणून संपवणाऱ्या घरात मी वाढले. ‘टाकू नये’ ही शिकवण सोडणं मला भाकरी सोडण्यापेक्षा अवघड गेलं. आता मी वाढूनच कमी घेते.

पाणी: सगळ्यात कठीण काम

मी जून सुरू होताना घरी आले असते तर बरं झालं असतं. आले एप्रिलमध्ये. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. शेतातून आलं की माठातला तांब्या वर धरून गटागटा प्यायची जन्माची सवय. ऑपरेशननंतर असे चार घोट घेतले आणि छातीत अशी कळ आली की मी ओट्यावरच बसले. पाणी जायला जागा नसते, शिवाय वरून पिताना हवाही आत जाते.

आणि तरी रोजचं दीड ते दोन लिटर पाणी पोटात जायलाच हवं. जेवणासोबत पाणी प्यायचं नाही. जेवणाआधी पंधरा-वीस मिनिटं आणि जेवणानंतर अर्धा तास थांबायचं. म्हणजे उरलेल्या वेळात ते भागवावं लागतं. मी असं करते: सकाळी अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या भरून ठेवते, उन्हाळ्यात चार. रात्री झोपताना त्या रिकाम्या दिसल्या पाहिजेत. दर दहा मिनिटांनी दोन घोट. मोबाईलच्या घंटेचा मला कंटाळा आला, म्हणून कामाला जोडून टाकलं: चहा उकळायला ठेवला, दोन घोट, शेळीला चारा टाकला, दोन घोट, एक सरी संपली, दोन घोट. शेतात बाटलीला ओलं सुती फडकं गुंडाळून झाडाखाली ठेवायची. मीठ घातलेलं पातळ ताक या हिशेबात धरा. पन्हं, सरबत आणि बाटलीतली थंडी पेयं धरू नका.

लघवी गडद पिवळी झाली, कमी झाली, उठताना डोळ्यापुढे अंधारी आली तर पाणी कमी पडतंय. दिवसभर घोटही टिकत नसेल, उलट्या थांबत नसतील, तर घरी वाट पाहू नका. गावातला डॉक्टर लगेच ग्लुकोजची सलाईन लावेल. त्याआधी त्याला एवढं वाक्य सांगा: ‘वजनाचं ऑपरेशन झालंय, उलट्या थांबत नाहीत, आधी थायमिन द्या.’ थायमिन म्हणजे बी-वन जीवनसत्त्व. सततच्या उलट्यांनी ते संपतं, आणि ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला आणि नसांना इजा होऊ शकते. मी हे वाक्य कागदावर लिहून आधार कार्डासोबत ठेवलंय.

पंगत, पोळा आणि लोक

ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी नात्यातल्या एका लग्नाला गेले. ताटात दोन चमचे वरण आणि पातोडीचा एक तुकडा. शेजारची बाई वाढप्याला म्हणाली, ‘अव, वाढ ना व तिले, दोनच घास खाल्ले तिनं!’ मग माझ्याकडे वळून: ‘काऊन व, शुगर झाली काय तुले?’ गावात वाळत चाललेल्या बाईबद्दल लोक काय काय बोलतात ते मी लिहीत नाही.

माझा सल्ला: खरं काय ते गावात दोनच माणसांना पूर्ण सांगा. एक जो स्वयंपाक करतो तो, दुसरा ज्याच्याकडे गाडी आहे तो. बाकीच्यांना ‘पोटाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरने थोडंथोडंच सांगितलंय’ इतकं पुरतं, आणि ते खोटंही नाही. पंगतीत घरून खाऊन जा. ताट रिकामं ठेवू नका, रिकामं ताट दिसलं की वाढपी येतोच. रोडग्याचा (निखाऱ्यावर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा) कार्यक्रम असेल तर वांग्याच्या भाजीतला मऊ भाग घ्या आणि रोडग्याचा एक लहान तुकडा. तूप सोडून द्या.

गोडाची गोष्ट वेगळी. पोळ्याची पुरणपोळी, दिवाळीची करंजी, बासुंदी. साखर या लहान पोटातून घाईने आतड्यात उतरते, आणि अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, पोटात मुरडा, जुलाब. याला डम्पिंग म्हणतात. कधी खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी रक्तातली साखर कमी होऊन हातपाय थरथरतात. बायपासवाल्यांना हे जास्त होतं, स्लीव्हवाल्यांनाही होतं. पुरणाचा एक चमचा, तोही जेवण झाल्यावर. एवढ्यावर माझा पोळा होतो.

संत्र्याबद्दल नागपूरच्या माणसाला सांगणं कठीण आहे, पण ऐका. फोडीवरचं पांढरं साल आणि चोथा नीट न चावता गिळला तर लहान पोटात त्याचा गोळा होऊन आतडं अडू शकतं. फोड सोला, रस चोखा, चोथा थुंका. मुनग्याच्या शेंगेचंही तसंच. हुरडा पहिल्या हिवाळ्यात नकोच.

औषधं, खर्रा आणि दवाखाना

जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या असतात. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून सोडायच्या नाहीत. लोह आणि कॅल्शियम एकावेळी घेऊ नका, मध्ये दोन तास ठेवा. लोहाच्या गोळीवर चहा नको. आशाताई देतात त्या लोहाच्या गोळ्या चांगल्याच, पण तेवढ्याने बी-१२, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम भरून निघत नाही. तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान केस मुठीने गळतात. घाबरू नका, प्रथिनं आणि लोह नीट असेल तर ते परत येतात.

कंबर दुखली की आपण डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन किंवा आयब्युप्रोफेनची गोळी घेतो. आता ती सवय सोडा. त्याने जोडलेल्या जागी अल्सर होतो, बायपासमध्ये विशेष. पॅरासिटामॉल चालतं. शुगर किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर वजन उतरताना त्यांचा डोस कमी करावा लागतो. जुनाच डोस घेतला तर शुगर धोक्याइतकी खाली जाते.

खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, सोडावाच लागतो. तंबाखूने अल्सर होतो आणि जखम भरत नाही. पुरुषमंडळींनी मोहाच्या दारूबद्दलही लक्षात ठेवावं: पूर्वी बाटलीत जे व्हायचं ते आता अर्ध्या पेल्यात होतं, आणि फार लवकर होतं. बायांनी वर्ष-दीड वर्ष दिवस जाऊ देऊ नयेत. बायपास झालं असेल तर नुसत्या पाळणा लांबवायच्या गोळ्यांवर भरवसा ठेवू नये, दुसरा उपाय डॉक्टरांना विचारावा.

चालणं पहिल्या दिवसापासून, गल्लीतल्या गल्लीत का होईना. पायात गुठळी होऊ नये म्हणून ते गरजेचं आहे. उचलणं मात्र सहा आठवडे बंद. पाच किलोच्या वर काही नको, आणि पाण्याने भरलेला हंडा पंधरा किलोच्या आसपास भरतो, हे घरातल्यांना आधीच सांगून ठेवा.

पहिल्या महिन्यात ताप, पोटात जोराची कळ, डाव्या खांद्यात दुखणं, बसल्याजागी धडधड, दम लागणं किंवा एकाच पोटरीला सूज, यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा आणि ज्या सर्जनने ऑपरेशन केलं त्यालाही कळवा. ‘उद्या सकाळी पाहू’ म्हणू नका.

रक्ताची तपासणी तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि मग दरवर्षी. मी ती कापसाच्या शेवटच्या वेचणीनंतर, संक्रांत झाली की करते. रक्त उपाशीपोटी द्यायचं असतं. म्हणून पहाटेच्या एसटीत माझ्या पिशवीत दोन उकडलेली अंडी असतात, सासूबाईंनी रात्रीच सोलून ठेवलेली. एक रक्त दिल्यावर खायचं, दुसरं परतीच्या गाडीत.