घरचे व्हिडिओ टीव्हीवर आणि मोबाइलवर चालावेत यासाठी

रहाडीतील, म्हणजे रंगीत पाण्याने भरलेल्या हौदातील, रंगपंचमीचे मोबाइलवर केलेले चित्रण घरच्या मोठ्या टीव्हीवर दाखवावे म्हणून पेन ड्राइव्ह लावावा आणि पडद्यावर ‘ही फाइल चालत नाही’ एवढाच संदेश यावा, हा अनुभव नाशिकमधील अनेक घरांना आला असेल. अशा वेळी हाताला लागेल तो कन्व्हर्टर उतरवून घेतला जातो, संगणक तासभर राबतो आणि मूळ चित्रणापेक्षा फिकट, धूसर प्रत पदरात पडते. म्हणून माझा आग्रह असा की, फाइलमध्ये नेमके काय आहे आणि उपकरण नेमके कशाला अडते आहे हे पाहिल्याशिवाय रूपांतराला हात घालू नये. पुष्कळदा चित्र बदलण्याची गरजच नसते.

एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय, एमओव्ही ही खोक्यांची नावे आहेत. खोक्याच्या आत चित्र आणि आवाज ज्या पद्धतीने दाबून भरलेले असतात, तिला कोडेक म्हणतात. चित्रासाठी डीव्हीडीवरचा जुना एमपीईजी-२, २००३ साली प्रमाणित झालेला एच.२६४, २०१३ चा एच.२६५ म्हणजेच एचईव्हीसी आणि २०१८ चा एव्ही१ हे कोडेक आढळतात. आवाजासाठी एएसी, एसी-३ किंवा डीटीएस. द्राक्षे एका क्रेटमधून दुसऱ्या खोक्यात भरली तरी ती द्राक्षेच राहतात, पण त्यांचे बेदाणे केले की पुन्हा द्राक्षे होत नाहीत. नुसते खोके बदलणे हे पहिल्या प्रकारचे काम आहे. ते काही मिनिटांत होते आणि गुणवत्ता तसूभरही घटत नाही. कोडेक बदलणे हे दुसऱ्या प्रकारचे काम असून त्यात प्रत्येक वेळी थोडा तपशील कायमचा जातो.

तपासणीसाठी व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये फाइल उघडावी आणि ‘टूल्स’ मेनूतील ‘कोडेक इन्फर्मेशन’ पाहावे. अधिक तपशील हवा असल्यास मीडियाइन्फो हे मोफत साधन वापरावे. मग टीव्हीच्या माहितीपुस्तिकेतील यूएसबीवर चालणाऱ्या फॉरमॅटचा तक्ता शेजारी ठेवावा. चित्र दिसते पण आवाज येत नाही, तर बहुधा आवाज डीटीएस किंवा एसी-३ मध्ये असतो आणि फक्त आवाज एएसीमध्ये बदलला की काम भागते. आवाज येतो पण चित्र काळे राहते, तर चित्र एचईव्हीसीमध्ये किंवा दहा बिटच्या रंगात, म्हणजे अधिक बारीक रंगछटांत, साठवलेले आहे का ते पाहावे. फाइल यादीत दिसतच नसेल, तर दोष खोक्याचा किंवा पेन ड्राइव्हच्या फॉरमॅटिंगचा असू शकतो.

खोके बदलण्यासाठी मोफत मिळणारे अ‍ॅव्हिडेमक्स पुरेसे आहे. त्यात व्हिडिओ आणि ऑडिओ या दोन्हींपुढे ‘कॉपी’ ठेवावे, आउटपुट फॉरमॅट म्हणून एमपी४ निवडावा आणि फाइल नव्या नावाने साठवावी. आवाजच बदलायचा असेल, तर व्हिडिओ ‘कॉपी’वर ठेवून ऑडिओपुढे एएसी निवडावे. हँडब्रेक हे रूपांतराचे साधन या कामासाठी उघडू नये, कारण ते चित्र प्रत्येक वेळी नव्याने दाबते.

चित्र खरोखरच बदलावे लागणार असेल, तेव्हा मात्र हँडब्रेकइतके सोयीचे मोफत साधन दुसरे नाही. ‘फास्ट १०८०पी३०’ हा प्रीसेट, म्हणजे तयार मांडणी, निवडून फॉरमॅट एमपी४, चित्र एच.२६४ आणि आवाज एएसी ठेवल्यास ती फाइल बहुतेक टीव्ही, मोबाइल आणि लॅपटॉपवर चालते. गुणवत्तेचा ‘आरएफ’ आकडा या प्रीसेटमध्ये २२ असतो. आकडा जितका लहान, तितके चित्र चांगले आणि फाइल मोठी. घरात बसून बोलणाऱ्या आजीच्या चित्रणाला २२ पुरतो. रहाडीत उडी घेतल्यावर उसळणारे रंगीत पाणी किंवा पुराच्या दिवसांत दुतोंड्या मारुतीभोवती घोंघावणारी गोदावरी यांची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे प्रत्येक फ्रेममधला जवळजवळ प्रत्येक ठिपका बदलतो, कोडेकला मागच्या फ्रेममधले फारसे काही पुन्हा वापरता येत नाही आणि पाण्याचे चौकोनी ठोकळे दिसू लागतात. अशा चित्रणासाठी मी १८ ते २० ठेवतो. पूर्ण फाइल लावण्याआधी सर्वांत धावपळीची तीस सेकंदे निवडून तेवढीच बदलून पाहावीत. मोबाइलच्या चित्रणात फ्रेमचा वेग कमीजास्त होत असल्याने पुढे आवाज आणि ओठ जुळेनासे झाले, तर ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडावा.

लग्नाच्या जुन्या डीव्हीडीसाठी थोडी अधिक काळजी हवी. तिच्यातील व्हीओबी फाइल्स जास्तीत जास्त एक जीबीच्या तुकड्यांत असतात. त्या सुट्या न बदलता संपूर्ण फोल्डर हँडब्रेकमध्ये उघडावा आणि सर्वांत लांब टायटल, म्हणजे डीव्हीडीवरचा सलग चित्रणाचा भाग, निवडावे. आपल्याकडील टीव्हीच्या पाल पद्धतीचे चित्र ७२० × ५७६ ठिपक्यांचे, बहुधा इंटरलेस्ड, म्हणजे सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांचे असते. म्हणूनच वरातीत नाचणाऱ्यांच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात. ‘फिल्टर्स’मध्ये ‘डीइंटरलेस’ लावल्यास त्या जातात, आणि ‘बॉब’ निवडून फ्रेमरेट ५० ठेवल्यास हालचालही मूळसारखी सलग राहते. ‘अ‍ॅनामॉर्फिक’ची निवड ‘ऑटोमॅटिक’वरच असू द्यावी, नाहीतर चेहरे ताणलेले दिसतात. चित्र १०८० पर्यंत फुगवू नये. जो तपशील टिपलाच गेला नाही तो त्यामुळे येत नाही, फाइल मात्र वाढते.

पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीचा असेल, तर त्यावर चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. हिशेब सोपा आहे: सेकंदाला लागणारे मेगाबिट गुणिले एकूण सेकंद, भागिले आठ, म्हणजे मेगाबाइट. दोन तासांचे लग्न ५ मेगाबिटने भरल्यास ७२०० × ५ ÷ ८ = ४५०० मेगाबाइट होतात आणि फाइल अडते; ४ मेगाबिटने ३६०० होतात, शिवाय आवाजाचे थोडे. टीव्ही एक्सफॅट वाचत असेल, तर गुणवत्ता कमी करण्याऐवजी ड्राइव्ह त्या पद्धतीने फॉरमॅट करणे मला केव्हाही योग्य वाटते. मात्र त्याआधी ड्राइव्हवरचे सर्व काही दुसरीकडे हलवावे.

मराठी उपशीर्षके जोडायची असतील, तर उपशीर्षकांची एसआरटी फाइल यूटीएफ-८ या देवनागरी चालणाऱ्या अक्षरसंकेतात साठवावी. तरीही काही टीव्ही जोडाक्षरे फोडतात आणि वेलांट्या भलतीकडे टाकतात. तेव्हा हँडब्रेकच्या ‘सबटायटल्स’मधील ‘बर्न इन’ निवडून अक्षरे चित्रातच उमटवावीत. नातेवाइकांना फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावी, कारण व्हिडिओ म्हणून पाठवल्यास ती पुन्हा दाबली जाते. आयफोनवर पुढचे चित्रण सुरुवातीपासूनच एच.२६४ मध्ये हवे असल्यास सेटिंग्जमधील ‘कॅमेरा’, मग ‘फॉरमॅट्स’ येथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडावे.

नवी प्रत संगणकावर नव्हे, ज्या टीव्हीसाठी केली त्यावरच सुरुवातीला, मध्यावर आणि अखेरीस चालवून पाहावी. मूळ फाइल त्यानंतरही पुसू नये. ती वेगळ्या हार्ड डिस्कवर, नावात तारीख आणि प्रसंग लिहून ठेवावी, कारण पुढच्या टीव्हीसाठी लागणारी प्रत तिच्यावरूनच काढायची आहे.